ऐकतो, पण ऐकत नाही

हाक मारली की कुत्र्यानं यावं, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांनी मुधोळ हाउंडच्या वाटेला जाऊ नये. 'ऐकणे' या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत, कानावर पडणे आणि म्हटल्याप्रमाणे वागणे. मुधोळ फक्त पहिल्या अर्थानं ऐकतो. हाक पोचल्याची पोच म्हणून एक कान वळवतो, मान वळवत नाही. तेवढ्यावर कोल्हापुरातल्या बंगल्याबंगल्यांत निकाल लागतो, 'दिसायला राजबिंडं हाय, पण डोक्यानं कमी.' माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे जनावर हुकूम मानत नाही, व्यवहार मानतं. आणि हा स्वभाव कोल्हापूरकराला उमगू नये, हे नवलच.

आधी कुळी पाहू. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली आणि गावाचं नाव कुत्र्याला चिकटलं. एरवी आपल्याकडे त्याला कारवान म्हणतात. चिकटण्यावरून आठवलं, घोरपडे हे आडनावच कड्याला चिकटली की न सुटणाऱ्या घोरपडीवरून आलं अशी दंतकथा आहे. ज्या घराचं आडनाव हट्टावरून पडलं, त्या घरच्या कुत्र्याकडून नम्रतेची अपेक्षा कुणी धरावी? पण खरं कारण शिकारीत आहे. हा सव्वादोन फुटी सडपातळ गडी वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. सशामागं सुटला की थोड्याच वेळात धनी मागं टिंबाएवढा उरतो. त्या टिंबाचा सल्ला घ्यायला थांबणारं कुत्रं सशाला मुकलं, आणि तसल्याची पिल्लं कुणी मागितली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्वतःच्या डोक्यानं चालणारा कुत्रा आपणच घडवला आणि आता तो सोफ्यावरून उतरत नाही म्हणून तक्रारही आपलीच.

यावर चार पुस्तकं वाचलेली माणसं स्टॅन्ली कोरेन यांचं कुत्र्यांच्या अकलेवरचं 1994 चं पुस्तक पुढं करतात. त्यातल्या यादीत बॉर्डर कोली पहिला आणि मुधोळसारखाच नजरेचा शिकारी असलेला अफगाण हाउंड थेट तळाला. पण ती यादी आज्ञापालनाच्या स्पर्धांतल्या परीक्षकांच्या मतांवर बेतलेली आहे. म्हणजे मोजली ती मुख्यतः आज्ञाधारकता; अक्कल तेवढ्यात संपत नाही, हे कोरेनही मान्य करतात. त्याच मापानं मंगळवार पेठेतला एखादा कट्टा मोजला, तर तळाशी अफगाणला चांगली सोबत मिळेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन शिकवली, मग आमच्याकडंच का शिकत नाही? लष्कराकडं त्यासाठी पगारी माणूस असतो. आपल्याकडं दिवसभराचा राग घेऊन घरी आलेला धनी असतो, आणि तो ओळीनं सात वेळा 'सिट' म्हणतो. मुधोळ पहिल्यांदा बसतो, दुसऱ्यांदाही बसतो. तिसऱ्यांदा मात्र तोंडाकडं बघत राहतो. आत्ताच तर बसून दाखवलं, मालकांना विसर पडायला लागला की काय! अशा कुत्र्याला पाच मिनिटांची शिकवणी पुरे, तीही हातात खाऊ ठेवून.

याला लाच म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावचा इतिहास आठवावा. शाहू महाराज आणि राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीसाठी नावाजलेलं होतं. चित्तेवान चित्त्याला पळायला शिकवत नसत. त्याला माणसाळवायचं आणि धरलेली शिकार सोडायला लावायचं, खरं काम एवढंच. तेही दरडावून नव्हे, मांसाचा तुकडा किंवा रक्ताचं भांडं पुढं धरून. ज्या गावानं चित्त्याशी असा सौदा केला, तिथं कुत्र्याला काठी दाखवणं शोभत नाही.

एक मात्र कबूल. कोंबडी, मांजर, ससा नजरेच्या टप्प्यात पळू लागला की सौदा मोडतो. खाऊ, हाक, शपथा, काही चालत नाही. तिथं शिकवणी थांबते आणि पट्टा सुरू होतो. कुंपण नसलेल्या माळावर पट्टा सोडू नका. शेजाऱ्याचा कोंबडा जिवंतपणी कितीही मरतुकडा असो, मेल्यावर तो झुंजीचाच निघतो आणि भाव शेजारी सांगेल तो.