प्रतिद्रव्य : ताबा लवकरच

अवकाशात सोलर पॅनेल लावायचे, तिथली वीज खाली आणायची आणि त्या विजेवर प्रतिद्रव्य बनवायचं, अशी योजना उत्साही मंडळी अधूनमधून मांडतात. कारखाना कुठे काढायचा, हे मात्र कुणी बोलत नाही. आम्ही बोलतो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्टा सोडून दुसरीकडे बघूच नका. प्रतिद्रव्यातला प्रतिप्रोटॉन म्हणजे शेवटी काय, प्रोटॉनचा डुप्लिकेट. वजन तेवढंच, फक्त विद्युतभार उलटा. 1955 साली बर्कलेत तो बनवायला अजस्र यंत्र लागलं होतं. उल्हासनगरात सोमवारी ओरिजिनल दाखवा, गुरुवारी कॅम्प दोनमध्ये माल लागलेला असेल, 'मेड इन यूएसए' शिक्क्यासकट.

वीज वर भरपूर आहे, त्यात वाद नाही. 36,000 किलोमीटरवर चौरस मीटरला 1,361 वॅट ऊन मिळतं, शिवाय पावसाळा नाही आणि रात्र नावापुरती. पीटर ग्लेझर यांनी 1968 मध्येच ही कल्पना मांडली. पुढे अमेरिकी सरकारने अभ्यास केला. 5,000 मेगावॅट वीज उतरवायची तर खाली 10 किलोमीटर रुंद, 13 किलोमीटर लांब अँटेनाची जाळी हवी, असं त्यात निघालं. म्हणजे विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत सगळे जाळीखाली. इतकी आयती जागा मिळाल्यावर वाढदिवसाचे बॅनर कुठे लावायचे ही चिंता तीन शहरांतल्या भावी नगरसेवकांना उरणार नाही.

आता हिशोब. एक ग्रॅम प्रतिद्रव्याला, काडीइतकीही वीज वाया गेली नाही तरी, 5 कोटी युनिट लागतात. आपल्या जाळीतून ती दहा तासांत मिळतील. पण हल्लीच्या यंत्रांत घातलेल्या ऊर्जेचा अब्जावा हिस्साही हाती लागत नाही. अब्जावा धरला तरी एका ग्रॅमला सुमारे 11 लाख वर्षं होतात. बदलापुरात फ्लॅट बुक केलेल्यांना ताब्याची ही तारीख तशी वाजवी वाटेल.

समजा, झालं एकदाचं तयार. ठेवणार कुठे? डबा चालत नाही, कारण भिंतीला टेकलं की संपलं. निर्वात पोकळीत विजेच्या आणि चुंबकाच्या जोरावर ते अधांतरी धरून ठेवावं लागतं. एक ग्रॅम सुटलं तर हिरोशिमाच्या जवळजवळ तिप्पट दणका. आणि इकडे तर पावसाचा पहिला शिडकावा होऊन फांदी तारेवर टेकली की लाइट जाते. छतावरच्या सोलरचं सांगू नका. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर तेही आपणहून बंद पडतं, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. डोक्यावर मे महिन्याचं ऊन आणि घरात पंखा बंद, हा चमत्कार इथल्या कितीतरी सोसायट्यांनी हप्ते भरून विकत घेतलाय. 36,000 किलोमीटरचा हिशोब चोख लावणाऱ्यांनी डीपीपासून मीटरपर्यंतचे शेवटचे चारशे मीटर एकदा चालून बघावेत. 'देखभालीसाठी पुरवठा सकाळी 9 ते 5 बंद राहील' असा मेसेज आला, तर ते एक ग्रॅम कुणाच्या इन्व्हर्टरवर टाकायचं?

वाहतुकीचं तर विचारूच नका. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्न प्रयोगशाळेने असा अधांतरी धरणारा सापळा ट्रकवर चढवून आपल्या आवारात फिरवला. आत 70 प्रोटॉन होते, साधेच; सगळे सुखरूप परतले. तो ट्रक काटई-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यात आणला असता, तर पदार्थविज्ञानाला काही नवीन कळलं असतं.

खरं म्हणजे प्रतिद्रव्य आपल्याकडे बनतंच. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 पासून सायक्लोट्रॉन आहे. त्यात तयार होणाऱ्या फ्लोरिन-18 मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे डुप्लिकेट, निघतात, पेट स्कॅन त्यांच्यावरच होतो. पण 110 मिनिटांत निम्मा माल संपतो. तोच कारखाना अंबरनाथ एमआयडीसीत काढला आणि माल लोकलने परळला धाडला, तर मेगाब्लॉकच्या रविवारी बाटलीत काय उरेल ते मोटरमनलाच विचारा.

ज्यांना अगदीच दम निघत नसेल त्यांनी केळं घ्यावं. त्यातल्या पोटॅशियममधून साधारण सव्वा तासाला एक पॉझिट्रॉन आपोआप सुटतो. भूसंपादन नाही, सबसिडीचा फॉर्म नाही, आणि स्टेशनबाहेरचा केळेवाला लाइट गेली तरी गाडी लावतोच.