फाटकाचा हिशोब

॥ श्री ॥

हॅरो, लंडन

तीर्थस्वरूप काका,

तुम्ही पाठवलेला विजेच्या फाटकाच्या कोटेशनचा फोटो मिळाला. फोटोत अर्धं कोटेशन आणि अर्धा तुमचा अंगठा आहे. अंगठ्याखालच्या रकमा दादाला फोन करून विचारून घेतल्या. तुमच्याशीच फोनवर बोललो असतो, पण फोनवर तुम्ही दर वाक्याला "अरे पण" म्हणता आणि माझा हिशोब हातच्या एकावरच अडकतो. म्हणून हे पत्र. याला मधेच अडवता येत नाही.

आधी काकूचा मुद्दा. तिचं म्हणणं, लंडनमध्ये घरोघरी आपोआप उघडणारी फाटकं असतात, मग काशीनेच काय पाप केलंय? तिला सांगा, आमच्या रस्त्यावर एकाही घराला फाटकच नाही. घरापुढे कधीकाळी जी बुटकी भिंत होती, तीही गाडी उभी करता यावी म्हणून लोकांनी पाडली. गाड्या रात्रभर उघड्यावर असतात. मागच्या हिवाळ्यात शेजाऱ्याची गाडी चोरीला गेली. दोन्ही किल्ल्या त्याच्या घरात, गाडी तेवढी गायब. दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे फाटकाचा ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मला मत नव्हतं.

कोटेशन आलं ते असं. लाकडी फाटक २,४०० पौंड. जमिनीखाली बसणाऱ्या दोन मोटरी १,९००. खोदाई आणि केबल १,५००. इंटरकॉम आणि सेन्सर ९००. बेरीज ६,७००, त्यावर २० टक्के व्हॅटचे १,३४०. एकूण ८,०४० पौंड, म्हणजे नऊ लाख रुपयांच्या वर. आमची गाडी विकली तरी एवढे यायचे नाहीत. चोर परवडला.

पुढे कायदा आडवा आला. इथे मोटारींच्या रस्त्यालगत एक मीटरपेक्षा उंच फाटक लावायचं तर कौन्सिलची परवानगी काढावी लागते. एक मीटरपर्यंत मुभा. एवढं फाटक आमचे चिरंजीव चेंडू आणायला जाता जाता ओलांडतील. शिवाय १९८० च्या हायवेज अॅक्टप्रमाणे फाटक बाहेर रस्त्याच्या बाजूला उघडता कामा नये. आत उघडावं तर आत गाडी. म्हणजे गाडी आत असेल तर फाटक उघडणार नाही, आणि फाटक उघडायचं तर गाडी आधीच बाहेर हवी. यावर उपाय काय, असं कोटेशनवाल्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "छोटी गाडी घ्या." शेवटी आमच्या हिने गाडीच्या स्टिअरिंगला लावायचं एक पिवळं कुलूप ३० पौंडांना आणलं आणि विषय मिटला.

आता तुमचं कोटेशन. सरकत्या फाटकाची मोटर २८,०००, दात्यांची पट्टी आणि बाकी सामान ५,०००, सेन्सर आणि लुकलुकणारा दिवा ४,०००, बसवण्याची मजुरी ६,०००. झाले ४३,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,७४०. एकूण ५०,७४०. "लंडनपेक्षा स्वस्त ना?" असं तुम्ही विचारलंय. स्वस्त आहे, कारण या कागदात फाटक धरलेलंच नाही. मोटर कुणाला सरकवणार, हे त्या माणसाने लिहिलेलं नाही.

आपलं आत्ताचं फाटक दोन पाख्यांचं, बिजागरीवर झुलणारं. त्यातलं डावं पाखं गेली कित्येक वर्षं जमिनीवर घासतं आणि त्या आवाजावर काकू ओळखते की तुम्ही आलात. ते मोटरने सरकणार नाही. नवं सरकतं फाटक करायचं तर अडीचशे किलो लोखंड, वेल्डर १३० रुपये किलोने मागतोय, म्हणजे ३२,५००. खाली रूळ आणि त्याचा सिमेंटचा पाया १५,०००. मीटरपासून केबल, पाइप, वेगळा एमसीबी ७,०००. वीज गेली तर चालावं म्हणून बॅटरी ८,०००. ही बेरीज ६२,५००. दोन्ही मिळून १,१३,२४०. मोटरचा वाटा त्यात चौथा हिस्सासुद्धा नाही, आणि तुम्ही घासाघीस करताय ती नेमकी मोटरच्या किमतीवर.

पायाचे १५,००० जास्त वाटतात, असं दादा म्हणाला. त्याला घेऊन जरा शिंदे घाटावर जाऊन या. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास तो बांधला, तो इतका भारी की स्वतःच्याच वजनाने खचला. राजघराण्याला परवडलं, तुमच्या पेन्शनला परवडणार नाही. गाळाच्या जमिनीत रूळ एका बाजूने जरा जरी दबला, तर फाटक उताराला लागतं आणि मोटर रोज चढण चढत राहते. तेव्हा पायात कंजूषी नको.

दुसरा वेल्डर म्हणतो की झुलतं फाटकच ठेवा, मोटरी जमिनीखाली पुरू, दिसायला छान दिसतं. दिसायला छानच दिसतं. पण या मोटरी जमिनीत पेटीत बसतात आणि पेटीतलं पाणी सतत वाहून जावं लागतं. आपलं घर सामनेघाटला. गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर. १९७८ साली पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अलीकडेही पुराचं पाणी आपल्या वस्तीत येऊन जातं. काशीत कुंडं पुष्कळ आहेत, आपल्या दारात आणखी दोन नकोत. सरकत्या फाटकाची मोटर जमिनीच्या वर असते. तिच्यासाठी हातभर उंच चौथरा करून घ्या आणि श्रावणात पाणी वाढलं की ती चार बोल्ट काढून माळ्यावर ठेवा.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. मोटर ३५० वॅटची. एकदा उघडून मिटायला अर्धं मिनिट धरा, दिवसातून दहा वेळा. महिन्याला एक युनिटही होत नाही. तिचा बोर्ड मात्र चोवीस तास जागा असतो. तो काही न करता तीन-चार युनिटं खातो. आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत.

सेन्सरमध्ये पैसे वाचवू नका. फाटकाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर डोळे असतात, त्यांच्यामध्ये कुणी आलं की फाटक मिटायचं थांबतं. इथे युरोपात तर मिटणाऱ्या कडेचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलोच्या भारापेक्षा जास्त असू नये असं बंधन आहे, आणि तो यंत्राने मोजून घेतात. इथे २०१० मध्ये अशा फाटकांत सापडून दोन लहान मुलं गेली, तेव्हापासून सगळे सावध झाले. दादाची धाकटी फाटकाला लोंबकळते, तेव्हा यात तडजोड नाही. अडचण एकच. आपल्याकडे या दोन डोळ्यांच्या मधोमध सांड येऊन बसला, तर तो उठेपर्यंत फाटक उघडंच राहील. सांडाला उठवण्याचं यंत्र युरोपात निघालेलं नाही.

आणि माकडं. २०१५ साली घाटांवर वाय-फायसाठी टाकलेल्या केबली माकडांनी चावून टाकल्याची बातमी इथल्या पेपरांतही आली होती. ऑफिसातल्या लोकांनी मला ती अभिमानाने दाखवली. तेव्हा एकही वायर उघडी ठेवू नका, सगळ्या पाइपातून घ्या. रिमोट गच्चीवर विसरू नका. तो माकडाच्या हाती लागला तर फाटक दिवसातून दहा वेळा नाही, दहा हजार वेळा उघडेल आणि वर काढलेला विजेचा हिशोब रद्द समजावा.

तुम्ही लिहिलंय, "आपल्या सात पिढ्या दुर्गाघाटाच्या गल्लीत फाटकाशिवाय राहिल्या." काका, दुरुस्ती करतो. घराला नव्हतं, पण मोहल्ल्याला होतं. जुन्या काशीत गल्लीच्या तोंडाला फाटक असे, ते रात्री बंद होई, चौकीदार बसे आणि त्या दोघांचा खर्च मोहल्ल्यातले लोक भरत. १८१० मध्ये कंपनी सरकारने वर घरपट्टी बसवली, तेव्हा बनारसने दुकानं बंद केली, हजारो माणसं शहराबाहेर मैदानात जाऊन बसली आणि सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. फाटकाच्या खर्चावरून कुरकुरणं हा तर आपला जुना हक्क आहे, तो तुम्ही खुशाल बजावा. पण तेव्हा खर्च सगळ्या गल्लीत वाटला जाई. आता एकट्याच्या डोक्यावर येतो, म्हणून तो मोठा दिसतो.

राहिला जागेचा प्रश्न. बारा फुटांचं फाटक सरकायला भिंतीच्या कडेने तेरा-चौदा फूट मोकळे लागतात. डावीकडे काकूचा पारिजातक, उजवीकडे तुमची बंद पडलेली चेतक स्कूटर. दोन्हींवर माया आहे हे मी जाणतो. पण पारिजातक अजून फुलं देतो. चेतक शेवटची कधी सुरू झाली, ते तुम्हीच आठवून पाहा. काकूशी या विषयावर वाद घालू नये, ही नम्र विनंती.

आता माझं मत. शान म्हणून लावायचं असेल तर लावू नका. शेजारी दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवसापासून "हमारी गाड़ी भी रखवा लीजिए" म्हणून रिमोट मागायला येतील. पण पावसात, अंधारात, दुखऱ्या गुडघ्याने गाडीतून उतरून तुम्ही ते घासणारं पाखं ढकलता, त्यासाठी लावायचं असेल तर एक लाख तेरा हजारांना ते महाग नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा आकडा तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलाच आहे.

तेव्हा असं करा. सरकतं फाटक उजवीकडे न्या. मोटर चौथऱ्यावर बसवा. बॅटरी घ्या. आणि त्याच्या शेजारी माणसांसाठी वेगळा दिंडी दरवाजा ठेवा, साधा, कडीकोयंड्याचा. तो मोटरच्या फाटकातच काढू नका, नाहीतर दूधवाला आत येत असताना दरवाज्यासकट फाटक सरकू लागेल. दूधवाला, पेपरवाला, काकूच्या भजनी मंडळाच्या बायका आणि तुमचे गप्पांचे मित्र यांना रिमोट लागता कामा नये. कोटेशनमध्ये "दोन वर्षं दुरुस्ती फुकट" हे लेखी घ्या आणि काम पुरं होईपर्यंत सगळे पैसे देऊ नका.

निम्मे पैसे मी या महिन्यात पाठवतो. उरलेले दादाकडून घ्या. पेन्शनला हात लावायचा नाही. चेतक विकून जे येतील ते काकूला द्या.

सौ. काकूस नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा पुतण्या

ता. क. बॅटरीही संपली तर मोटर सोडवून फाटक हाताने ढकलायची एक किल्ली मिळते. रायगडावर ही सोय नव्हती, म्हणून दरवाजे बंद झाल्यावर हिरकणीला कडा उतरावा लागला. ती किल्ली देवघरातल्या फडताळात ठेवू नका. एक गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवा आणि दुसरी समोरच्या घरी द्या.