आधी सांगा

सोमवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी चर खणलेला दिसला. कमरेइतका खोल, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, तळाशी निळ्या पाइपचं भेंडोळं. समोरच्या इमारतीतल्या आजी दुधाची पिशवी हातात धरून काठाशी उभ्या होत्या. पलीकडे जायला फळी टाकलेली होती, पण ती डुगडुगत होती. मी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं आणि खाली उतरलेल्या माणसाला विचारलं, "दादा, कसलं काम आहे?"

"केबलचं."

"बुजवणार कधी?"

"ते मुकादमाला माहीत."

"मुकादम कुठेत?"

"दुसऱ्या साइटवर."

या माणसाशी माझं भांडण नाही. त्याला खणायला सांगितलंय, तो खणतोय. गल्लीला उत्तरं देणं हे त्याचं काम नव्हे. ते काम ज्यांना आम्ही मतं दिली त्या नगरसेवकांचं आहे, आणि माझं आजचं म्हणणं त्यांच्यापुढे आहे. दर हिवाळ्याच्या तोंडाशी आम्हाला एक पत्र पाठवा. एक पान पुरे. पण काम सुरू होण्याच्या आधी पाठवा.

हिवाळ्याच्याच तोंडाशी का? कारण शहराच्या कामाचं वर्ष खरं तेव्हा सुरू होतं. पावसाळ्यात खोदाई बंद असते. ऑक्टोबरपासून परवाने सुटतात आणि उन्हाळा सरेपर्यंत जे काय उकरायचं ते उकरून घ्यायचं असतं. ड्रेनेजवाले, पाणीवाले, वीजवाले, गॅसवाले, केबलवाले, सगळ्यांची झुंबड याच महिन्यांत. कोणता रस्ता कुणाला, किती दिवसांसाठी दिला, हे महापालिकेच्या कागदावर असतं. नगरसेवकाने एक फोन केला तर ती यादी त्याच्या हातात येते. तीच मला हवी असेल तर अर्ज, खेपा आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत". सात-आठ महिन्यांची रस्त्यांची यादी वेळेवर घरोघर गेली, तर निदान आजींचं दूध आणायला दुसरं कुणीतरी जाईल, रिक्षावाला मागच्या गल्लीने येईल, डायलिसिसला जाणाऱ्या माणसाची गाडी आदल्या रात्री बाहेर काढून ठेवता येईल.

एका पानाच्या पत्राने एवढं होतं.

आमच्याकडे पद्धत आहे ती कार्यअहवालाची. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, पहिल्या पानावर नमस्कार केलेला फोटो. माझ्या कपाटात तसे तीन पडून आहेत, वेगवेगळ्या पक्षांचे. परवा तिन्ही काढून नीट वाचले. भूमिपूजनांचे फोटो भरपूर. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपायचं होतं आणि कधी संपलं, याच्या तारखा एकातही नाहीत. "हे मी सांगितलं होतं, पण जमलं नाही", असं एक वाक्य तिन्हींत मिळून नाही. हा अहवाल निवडणुकीच्या तोंडावर येतो, सगळं होऊन गेल्यावर. त्याचं वाचणाऱ्याने करायचं काय? मान डोलावायची नाहीतर कुरकुरायची. तिसरं काही करण्याची वेळ टळून गेलेली असते.

म्हणून अहवाल मागत नाही, पत्र मागते.

आता पैशांचं. महापालिकेच्या कायद्याप्रमाणे आयुक्तांनी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक 15 जानेवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवायचं असतं. मुंबईचा कायदा वेगळा, तिथे मुदत 5 फेब्रुवारीची. म्हणजे आपल्या प्रभागात पुढच्या वर्षी काय होणार, याची जुळवाजुळव डिसेंबरच्या थंडीत चालू असते. आणि त्याच सुमाराला चालू वर्षाचा उरलेला पैसा मार्चअखेरच्या आत खर्ची टाकायची घाई सुरू होते. तेव्हा वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात. नाव साधं आहे. अर्थ असा, की एका कामासाठी ठेवलेली रक्कम उचलून दुसऱ्या कामाला लावायची. कधी ते गरजेचं असतं. ड्रेनेज फुटलं तर बागेचे पैसे तिकडे वळवावेच लागतील. पण कधी ड्रेनेजचे पैसे बाकड्यांकडे आणि कमानीकडे जातात. बाकडं दिसतं, त्याच्या पाठीवर नाव घालता येतं. ड्रेनेज जमिनीखाली असतं, त्यावर नाव घालून उपयोग नाही. कोणतं वर्गीकरण गरजेचं आणि कोणतं हौसेचं, हे ठरवायला लोकांना ते मंजूर व्हायच्या आधी कळायला हवं. मंजूर झाल्यावर पेपरात चार ओळी येतात, तोवर बाकडी बसलेली असतात.

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनाही अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. एका कामासाठी 5 लाखांपर्यंत. पदपथ दुरुस्त करा, बसथांब्यावर दिवा लावा, शाळेपाशी गतिरोधक करा, अशी आपल्या दाराशी असलेली कामं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. ही फार चांगली सोय आहे, आणि आपल्या ओळखीतल्या दहा जणांना विचारून पाहा, किती जणांना माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या प्रभागातून कोणते अर्ज गेले, त्यांतले कोणते घेतले, कोणते नाकारले आणि का, या चार ओळी पत्रात असल्या तर पुढच्या खेपेला दुप्पट लोक अर्ज भरतील. "आमच्यासारख्यांना कोण विचारतं" हे वाक्य मी रोज ऐकते. विचारण्यासाठी छापलेला कागद कार्यालयात पडून असतो आणि तो आहे हे सांगायला कुणी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्याचंही असंच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी. त्यातून शहरही प्यायचं आणि दौंड-इंदापूरची शेतीही भिजायची. रब्बीचं आवर्तन किती दिवसांचं, शहराला किती, उन्हाळ्यासाठी शिल्लक किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. एप्रिलमध्ये आपल्या टाकीत किती वेळ पाणी येणार, त्याचं गणित तिथे मांडलं जातं. आपण मात्र एप्रिलमध्ये बादली घेऊन जागे होतो. नगरसेवक त्या बैठकीत निर्णय घेत नाही, मान्य. पण निर्णय काय झाला, हे दोन ओळींत आम्हाला कळवू शकतो.

कुणाला वाटेल, पत्र आलं काय नि नाही आलं काय, एवढा आग्रह कशाला. त्यांनी 2025 चा जानेवारी आठवावा.

सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांत, चालती-बोलती माणसं अंथरुणाला खिळायला लागली. आधी जुलाब, मग हातापायांना मुंग्या, मग पायांतलं बळच गेलेलं. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. गुइलेन बॅरे सिंड्रोम हे तोवर कुणी न ऐकलेलं नाव आठवड्याभरात घरोघर झालं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जाणारा. संशयित रुग्ण 200 च्या पुढे गेले, काही दगावले. केंद्राचं पथक आलं. सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या, त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या नांदेडच्या विहिरीकडे वळल्या.

त्या दिवसांत तिथल्या आईला हवं होतं ते फार थोडं. आमच्या नळाला पाणी कुठून येतं? ते शुद्ध होतं का, की नुसतं क्लोरिन टाकतात? काल तपासलं का? उकळून किती वेळ ठेवायचं? टँकर येणार असेल तर कधी? पाच प्रश्न. पण विचारायचं कुणाला? नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावं 2021 मध्ये 23 गावांच्या गटात महापालिकेत आली, तेव्हा ग्रामपंचायती गेल्या आणि सरपंच गेला. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि नगरसेवकही गेले. ज्याच्या दारावर रात्री थाप मारता येईल असा निवडून दिलेला एकही माणूस त्या गावांना पालिकेत नव्हता. अधिकारी होते, त्यांनी धावपळ केली, ती मी नाकारत नाही. पण अधिकारी वर उत्तर देतो. खाली उत्तर देणारा माणूस निवडून आलेलाच लागतो.

राज्यघटना सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. 74 व्या दुरुस्तीने ते लिहून ठेवलंय. आपल्याकडे आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतले बदल यांत वर्षं गेली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी मतदानाला 15 जानेवारी 2026 उजाडलं. तीन हिवाळे पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा, पुणे-मुंबई नगरसेवकांविना राहिली. तीन अंदाजपत्रकं प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. या काळात आपल्याला न विचारलं जाण्याची सवय लागली. ही सवय मोडायला नुसती निवडणूक पुरत नाही.

आता नगरसेवक आले आहेत. हा त्यांचा पहिला पूर्ण हिवाळा. पुण्यात 41 प्रभागांतून 165 जण निवडून आले. 40 प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. इथे एक अडचण आहे आणि ती मी रोज पाहते. चौघांचा प्रभाग म्हणजे बारभाई कारभार. दिव्याची तक्रार घेऊन पहिल्याकडे जा, तो दुसऱ्याचं नाव सांगतो. दुसरा म्हणतो, तो भाग तिसऱ्या ताईंकडे. म्हणून म्हणते, पत्र चौघांनी मिळून एकच काढावं आणि खाली चार सह्या असाव्यात. पक्ष वेगळे असतील तर मतभेद पत्रातच लिहा. अमक्या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाला तिघांचा होकार, एकाचा विरोध, कारण हे. आम्हाला वाचता येतं, आम्ही ठरवू.

तिकडे शिकागोत 50 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाला एकच प्रतिनिधी. हिवाळ्याआधी त्यांची पत्रं जातात. 1 डिसेंबर ते 1 एप्रिल, पहाटे 3 ते 7, मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करायची नाही, बर्फ पडो न पडो. कोणते रस्ते, गाडी उचलून नेली तर कुठे मिळेल, म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारातला बर्फ कोण उपसणार. 1979 च्या जानेवारीत तिथे मोठा बर्फ कोसळला, रस्ते मोकळे होईनात, आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांच्याकडून हरले. आपल्याकडे बर्फ पडत नाही. धूळ पडते, चर पडतात.

आणि शेकोट्या पेटतात. रात्री अकरानंतर कोणत्याही सोसायटीच्या गेटपाशी जाऊन बघा. वॉचमनकाका थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या जाळून हात शेकत बसलेले असतात. कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये 5000 रुपये दंडही ठरवून दिला. पण ज्याच्या अंगावर पातळ स्वेटर आहे आणि ज्याला पहाटेपर्यंत बसायचंय, त्याच्याकडून दंड घ्यायला मी धजणार नाही. पत्रात एक ओळ अशी हवी: आपापल्या वॉचमनला जाड जॅकेट आणि ब्लँकेट द्या, केबिनला दार बसवा. नगरसेवकाच्या सहीने ही ओळ आली तर सोसायटीच्या कमिटीत ती मान्य होते. मी मांडली तेव्हा "पुढच्या मीटिंगमध्ये बघू" झालं.

वेळ नाही, माणसं नाहीत, छपाईला पैसे नाहीत, असं कुणी सांगू नये. संक्रांतीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स एका रात्रीत चौकाचौकात लागतो. वाढदिवसाचा मेसेज प्रभागातल्या प्रत्येक मोबाइलवर सकाळी सहाला येतो. पोचण्याची सगळी यंत्रणा तयार आहे. तिच्यातून माहिती पाठवा, एवढंच मागणं आहे.

मी लहान असताना आमच्या चौकात मंडळाचा वार्ताफलक होता. काळा फळा, वर पत्र्याची पडवी. तेव्हाचे आमचे नगरसेवक सायकलवरून उतरून स्वतः खडूने लिहीत. अक्षर तिरकं, पण ठळक. "गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी कमी दाबाने येईल. बुधवारी रात्री भरून ठेवणे." एकदा लिहिलं होतं, "नळाची नवी लाइन या वर्षी मंजूर झाली नाही. पुन्हा मांडतो." माझे वडील ते वाचून म्हणाले, "माणूस सरळ आहे." पुढच्या वर्षीही लाइन झाली नाही, फळ्यावर पुन्हा तसंच लिहिलं गेलं, आणि वडिलांनी पुढच्या निवडणुकीत मत त्यांनाच दिलं. लाइन तिसऱ्या वर्षी आली.

तेव्हा चारही नगरसेवकांना, नावानिशी, कळवते आहे. पहिलं पत्र 15 डिसेंबरच्या आत यावं, म्हणजे अंदाजपत्रक मांडलं जाण्याआधी आमच्या हाती महिना राहील. रस्त्यांची यादी, वर्गीकरणाचे प्रस्ताव, पाणी, आणि जमलं नाही ते. आमच्या इमारतीच्या जिन्यात सूचनाफलक आहे. त्याच्यावरची जुनी बिलं मी काल काढून टाकली, चार टाचण्या लावून ठेवल्या आहेत. चरावरची फळी मात्र अजून हलते, तेवढं उद्या सकाळच्या आत बघा.