आकडा लागला

धबधबा बघायचा म्हणून इंदूरकर पाताळपाणीला जातो. तिथले पाणी पावसाळ्यापुरते असले तरी भुट्टा आणि सेल्फी बारमाही. राजेंद्र नगरच्या मराठी माणसाने मात्र एवढी दगदग करू नये. स्टेशनापासून कॅट रोडकडे पायी निघावे, सामान म्हणून चष्मा पुरे. फक्त नजर बागेत नको, कुंपणाबाहेर हवी. इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आले आणि तेव्हापासून पळसाचे फूल खाली पडायच्या आत झाडू हजर असतो. त्यामुळे इथला अस्सल झाडोरा उरला झाडूच्या हद्दीपलीकडे, म्हणजे नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर, रुळांच्या कडेला. खत-पाणी खाणारा गुलमोहर मादागास्करचा आणि कुंपणावरची घाणेरी अमेरिकेची. रुई, टाकळा, बाभूळ यांना माळी नाही, मालकही नाही.

यावर कोणी म्हणेल, देशीपणाचा एवढा सोस कशाला? इंदूरच्या सराफा बाजारातली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिकेचे. उपास तेवढा आपला. आणि आपण तरी कुठले इथले? होळ गावच्या मल्हाररावांच्या मागोमाग अठराव्या शतकात माळव्यात येऊन रुजलेलो! मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच झाडाला जन्मगाव विचारण्यापेक्षा त्याच्या पंगतीला कोण बसते ते पाहावे. फुलपाखरे घाणेरीवरही येतात, पण चहापुरती; संसार ती तिथे थाटत नाहीत. त्यांतल्या काहींना त्यासाठी रुई लागते. इकडे तिला आकडा म्हणतात, त्यामुळे ‘प्लॉटवर आकडा लागलाय’ हे ऐकून नवख्या पाहुण्याला मटक्याचा संशय येतो. तिचे पान उलटून पाहावे. पांढऱ्या लवेवर काळे-पिवळे पट्टे ल्यालेली, पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या मिरवणारी अळी बसलेली असते. रुईचा चीक भल्याभल्यांना सोसत नाही. ही आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा नळ बंद करते आणि मग निवांत जेवते. एवढे प्लंबिंग पाहायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत.

फक्त शनिवारी सकाळी जाऊ नये. मारुतीच्या माळेसाठी भक्तांनी झुडूप भादरलेले असते आणि एखादी अळी पानासकट देवाच्या गळ्यात जाऊन, आरती चालू असताना, नैवेद्य आतून संपवत असते.