पिवळी ओळ

सकाळी साडेसातला मी कॉम्प्युटर सुरू करतो. तो आधी घरघरतो, मग निळा होतो आणि मग पडद्याच्या मधोमध एक चौकोन उगवतो. अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही. खाली एकच बटण. ओके.

आपल्याला ओके नसेल तर काय, याची सोय नाही. विजेच्या बिलावरसुद्धा निदान तक्रारीचा नंबर छापलेला असतो.

हे सुरू झालं २०२४ च्या मे महिन्यात. त्या मेमध्ये नागपुरात यंत्रांची डोकी ठिकाणावर नव्हतीच. ३० तारखेला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी श्रद्धांजलीच्या सुरात फोन केले. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. खरं सांगतो, आम्ही जरा हिरमुसलोच. इतकं सोसायचं आणि आकडा मात्र परत घेतात!

तर माझ्या चौकोनाचं निदानही पहिल्यांदा उन्हाच्याच खात्यात पडलं. शेजारचे भाऊजी चहाला आले होते. त्यांनी पडद्याकडे न बघता कूलरकडे बघितलं. "याची ओल लागून राहिली त्याले. तोंड फिरवा." कूलरचं तोंड फिरवलं. आठ दिवस गार वारा भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला, मला घाम आणि चौकोन जिथल्या तिथे.

मग भाचा आला. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरातला सर्वोच्च अधिकारी. त्यानं चौकोन उगवताक्षणी टक्कन ओके दाबलं.

"अरे, वाचू तर दे!"

"काका, ते वाचाचं नसते. दाबाचं असते."

यावर मी काय बोलणार? सीताबर्डीवरच्या दुरुस्तीवाल्या पोरानं तर मशीन न उघडताच निकाल दिला. "फॉरमॅट मारून टाकू न, काका." त्याचा एकूण सूर असा की सर्दी झाली म्हणून माणूस नवीन करून मिळेल. आणि हिचा उपाय लग्नापासूनचा, मिक्सरपासून जावयापर्यंत सगळ्यांना लागू: बंद करा, थोडं थांबा, चालू करा.

हिच्या उपायाला मी हसायचो. पण १९ जुलैला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना सांगितलं की मशीन पुन्हा पुन्हा सुरू करून बघा, काहींना पंधरा वेळासुद्धा करावं लागलंय. ही बातमी हिनं दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा फोनवर, बहिणीला.

मी पंधरा वेळा केलं. पंधरा वेळा ओके.

न वाचता दाबायचं हा गुण माझ्यातही मुरलेला आहे, हे मान्य केलं पाहिजे. मागे एकदा हाच कॉम्प्युटर रोज सुरू होताना एफ-१ दाबा म्हणायचा आणि मी महिनाभर दाबत राहिलो. तारीख मागे २००९ च्या जानेवारीत जायची, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटी प्रमाणपत्राच्या मुदतीवरून अडून बसायच्या. शेवटी कळलं, आतली बटणासारखी बॅटरी संपलीय. सीआर २०३२. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. नावातच माप दिलंय. ती गल्लीच्या तोंडाशी घड्याळवाल्याकडे मिळाली, आणि तिथपर्यंत मी चार तज्ज्ञ ओलांडून गेलो होतो.

या वेळी मात्र चष्मा लावला आणि चौकोन अक्षर न् अक्षर वाचला. वरच्या पट्टीत लिहिलं होतं रनडीएलएल. डीएलएल फाइलला स्वतः चालता येत नाही, हा रनडीएलएल नावाचा मुकादम तिला बोट धरून कामावर नेतो. कोणाला न्यायचं त्याची यादी विंडोजकडे असते. यादीतल्या ज्या फाइलवर गाडी अडत होती तिच्या नावात कंपनीची तीन अक्षरं होती, आणि ती मला ओळखीची वाटली. आमचा प्रिंटर!

तो प्रिंटर मुलाच्या प्रोजेक्टसाठी घेतला होता. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, प्रिंटर मागच्या दिवाळीत भंगारात. त्याचं सॉफ्टवेअर मी स्वतः काढलं, फाइली गेल्या. पण हजेरीपटावरचं नाव तसंच राहिलं. मुकादम बिचारा रोज सकाळी पुकारतो, कोणी हजर म्हणत नाही, आणि तो मला येऊन सांगतो. यात त्याचं काय चुकलं? चार महिने तो खरं बोलत होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर औषधोपचार करत होतो.

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत ते नाव सापडलं. बंद केलं, पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकोन हजर. त्या प्रिंटरनं नाव दोन ठिकाणी घातलं होतं. दुसरं टास्क शेड्यूलरमध्ये, आणि ते त्या यादीत दिसतच नाही. रेशनकार्ड वेगळं, मतदारयादी वेगळी, एकातून गेलं म्हणून दुसऱ्यातून जात नाही.

शेवटी ऑटोरन्स नावाचं एक फुकट साधन उतरवलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी ते बनवलं. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण आत शिरतं त्या सगळ्यांची ते एकत्र खानेसुमारी करतं आणि ज्यांची फाइलच जागेवर नाही त्यांची ओळ पिवळी रंगवतं. शेकडो ओळींमधून खाली सरकत गेलो. आणि आली. पिवळीधमक.

तो पोळ्याचा दुसरा दिवस होता, म्हणजे आमच्या मारबतीचा. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर पुतळ्यांची मिरवणूक चालू होती. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची; मागेपुढे महागाईचे, पुढाऱ्यांचे, भ्रष्टाचाराचे बडगे. रोगराई, खोकला, इडापिडा सगळं घेऊन जा म्हणून गाव बेंबीच्या देठापासून ओरडतं आणि वेशीबाहेर नेऊन जाळतं. ढोलांच्या गजरात मी नाव दोनदा तपासलं, आमच्याच प्रिंटरचं असल्याची खात्री केली आणि डिलीट दाबलं.

"घेऊन गेली का?" आतून हिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला बटण दाबलं. घरघर, निळा पडदा, आणि काही नाही. मी वाट पाहिली. पाच मिनिटं. काहीच नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मे महिन्यापासून एका संपादकांना मी लेख देणं लागत होतो आणि दर आठवड्याला त्यांना कळवत होतो की मशीन बिघडलंय. समोर कोरं पान उघडं होतं, त्यावर ती उभी रेघ लुकलुकत होती. ही चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"सुधारला न? मग लिहा आता."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली, घसा साफ केला, आणि तेवढ्यात लाइन गेली.