देव पुढे, आम्ही मागे, स्कूटर मध्ये

डांबरी रस्त्यानं चालत निघालेल्या माणसाबद्दल कोकणात दोनच अंदाज बांधले जातात. एक तर त्याची एसटी चुकली, नाहीतर घरात भांडण झालं. फोंडाघाटच्या बाजारपेठेतून आम्ही पाठीला सॅक लावून निघालो तेव्हा हे दोन्ही अंदाज आमच्या वाट्याला आलेच. शिवाय भाच्याच्या हातातल्या दोन घडीच्या अॅल्युमिनियम काठ्या बघून एका दुकानदारानं तिसराही काढला.

"सर्वेवाले काय हो? आता कोणाची जमीन जातली?"

"कुणकेश्वराक चललो," आते म्हणाली.

"चालत?"

"होय."

"कित्याक? जत्रेक जादा गाडये सोडल्यानी हत मां!"

यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. तो दुकानदार त्यानंतर बराच वेळ दुकानाच्या पायरीवर उभा राहून आमच्याकडे बघत होता. आमच्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं त्याला.

फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायाशी. घाट चढून वर गेलं की दाजीपूर आणि गव्यांचं रान. खाली उतरलं की आम्ही. देवगड-निपाणी रस्ता आमच्या दारावरून जातो, त्यामुळे समुद्राचं आणि आमचं नातं काय ते ट्रकमार्फत. देवगडचा आंबा आणि मासळी आमच्या नाकासमोरून घाट चढतात. चालत समुद्रापर्यंत जायचं म्हणजे कोकणची अख्खी रुंदी तुडवायची, पन्नास-साठ किलोमीटर. आमच्या पणज्यानं ती बैलगाडीमागून तुडवलीही असेल, पण त्याला पर्याय नव्हता म्हणून.

आम्हाला होता. तरी निघालो, कारण भाचा पुण्याहून येताना डोक्यात स्पेन घेऊन आला होता. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी सुट्टी काढून तिकडची कामिनो नावाची यात्रा केली होती. सांतियागो दे कोंपोस्तेला या गावी संत जेम्सचं थडगं आहे, तिथवर लोक शेकडो किलोमीटर चालत जातात. सॅकला शिंपला बांधतात. हातात एक पासपोर्ट असतो, त्यावर मुक्कामामुक्कामाला शिक्के घेतात, आणि निदान 100 किलोमीटर पायी केले तर चर्चकडून लॅटिनमध्ये प्रमाणपत्र मिळतं. ज्यांची तेवढ्यानं हौस फिटत नाही ते आणखी नव्वदेक किलोमीटर चालून फिनिस्तेरेला अटलांटिकच्या काठावर जातात. जमीन तिथं संपते अशी जुन्या लोकांची समजूत होती.

"आपल्याकडे असं काहीच नाही," भाचा म्हणाला.

आते तांदूळ निवडत होती. "कुणकेश्वर काय मेलो आसा?" एवढंच ती म्हणाली, आणि बेत ठरला. भाच्याची अडचण एकच होती. अंतर शंभराला कमी पडत होतं.

"मग येताना पण चालत ये," आते म्हणाली. "होतीत शंभर."

आमचा लवाजमा असा : मी, भाचा, साठी कधीच ओलांडलेली आते आणि मेव्हणा. मेव्हण्यानं पहिल्याच दिवशी गुडघ्याचं कारण सांगून स्कूटर काढली आणि सामान नेण्याची जबाबदारी घेतली. तो पाच किलोमीटर पुढे जाऊन झाडाखाली बसायचा, आम्ही पोचलो की "इलात काय?" असं विचारायचा आणि पुन्हा पुढे जायचा. सगळ्यात जास्त दमला तोच, असं त्याचं आजही म्हणणं आहे. पायातल्या वहाणांविषयी सांगायचं तर भाच्याचे बूट नऊ हजारांचे होते आणि आतेच्या पायात घरातल्या प्लास्टिकच्या सपाता होत्या. फोड कुणाला आले हे चाणाक्ष वाचकांना कळलंच असेल.

पहिलं गाव लागलं लोरे नंबर 1. "नंबर 2 कुठे आहे?" असं भाच्यानं विचारलं. ते वैभववाडी तालुक्यात आहे, हे कणकवली तालुक्यात, असं मी सांगितलं. "मग आपण बरोबर लोऱ्यात आहोत ना?" असं म्हणून त्यानं मोबाइल काढला. स्वतःच्या जिल्ह्यात नकाशा बघून चालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. लोऱ्यातच त्याला शिक्क्याची आठवण झाली. त्यानं एक सुंदर वही आणली होती. तिच्या पहिल्या पानावर उमटवायला शिक्का हवा होता, आणि देवळात विचारलं तर गुरवाकडे फक्त अंगारा होता. शेवटी एका किराणा दुकानदारानं मोठ्या उत्साहानं शाईचं पॅड काढलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि पानाच्या मधोमध दणका दिला. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

तीर्थयात्रेच्या पहिल्या पानावर याहून योग्य मजकूर मला तरी सुचला नसता. पुढच्या गावात शाळेच्या गुरुजींनी त्याच्याखाली "पाहिले" असा शिक्का मारून तारखेसह सही केली. त्यापुढे एका सोसायटीच्या कारकुनानं "रोख मिळाले" हा शिक्का दिला. एवढ्या तीन शिक्क्यांत माणसाचा अख्खा जन्म बसतो असं मी म्हणालो, पण भाचा तेव्हा पायाला पट्टी लावत होता.

नांदगावला कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग आडवे येतात. आमच्या जिल्ह्यातला महामार्ग चौपदरी होऊन गुळगुळीत झालेला आहे. मुंबईचे चाकरमानी रायगडातले खड्डे मोजत इथवर येतात आणि इथं आल्यावर वेगाची भरपाई करतात. तो रस्ता पायी ओलांडणं हीच काय ती या यात्रेतली खरी तपश्चर्या. आतेनं पदर खोचला, हात वर केला आणि एक अख्खा कंटेनर थांबवला. आम्ही तिच्या मागून गेलो.

पुढे असलदे, कोळोशी, शिरगाव. याविषयी सांगण्यासारखं फार नाही. ऊन होतं. माघ संपत आला की इथलं ऊन वरून कमी आणि कातळातून जास्त लागतं. काजूच्या झाडाखाली बसायचं, कुणाच्यातरी पडवीत पाणी मागायचं. पाण्याबरोबर गूळ यायचा, गुळाबरोबर चौकशी यायची : खंयचे, कोणाचे, आडनाव काय, त्या अमक्याचे तुम्ही कोण, आणि मुलाचं लग्न झालं का. स्पेनमध्ये वाटसरूंसाठी स्वस्तातली मुक्कामाची घरं असतात, त्यांना म्हणे आधी पासपोर्ट दाखवावा लागतो. आमच्याकडे आडनाव दाखवलं की पुरतं. भाच्याचं लग्न शिरगावच्या अलीकडेच जवळजवळ दोनदा ठरलं.

शिरगाव सोडून सड्यावर आलो आणि मागून ढोल ऐकू आला.

ही देवाची स्वारी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जत्रा भरते ती माणसांसाठी असली, तरी खरे पाहुणे असतात आसपासच्या गावांतले देव. आपापल्या गावचा देव तरंग, निशाण, अब्दागिरी, ढोल-ताशे असा सगळा लवाजमा घेऊन कुणकेश्वराच्या भेटीला आणि समुद्रस्नानाला निघतो. दरवर्षी नाही. देवाला कौल लावायचा, पाकळी उजवी पडली तर जायचं. काही देव बारा-बारा वर्षांनी निघतात, काही त्याहून उशिरानं. वाटेतल्या गावांनी त्यांचे पाय धुवायचे, ओट्या भरायच्या, मुक्कामाला जागा द्यायची. सगळे मानकरी अनवाणी.

ही मंडळी आम्हाला गाठून पुढे जाणार, एवढ्यात एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं भाच्याकडे निरखून पाहिलं.

"खंय चललास?"

"कुणकेश्वरला."

"वांगडा देव खंयचो?"

भाच्याला प्रश्न कळला नाही. मी कळवला : तुझ्याबरोबर कुठल्या गावचा देव आहे?

"देव नाही. आम्हीच चाललोय."

म्हाताऱ्यानं ढोल थांबवायची खूण केली. एवढा मोठा सडा एकदम गप्प झाला. देव नाही आणि चालताय? मग चालताय कोण? हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ होता, की त्या क्षणी मला स्पेन आणि सिंधुदुर्ग यांतला फरक समजला. तिकडे माणूस देवाकडे चालत जातो. आमच्याकडे देव चालत जातो, पिशव्या धरायला माणसं लागतात.

पिशव्या आम्हाला मिळाल्या. तरंग आणि अब्दागिरी यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता, ते पिढीजात मान. पण दोन गोण्या, एक चहाचं पातेलं आणि नारळांचं पोतं यांना मानकरी नव्हते. भाच्याच्या घडीच्या काठ्या एका लहान मुलानं मागून घेतल्या आणि त्या ताशाला कशा वाजतात ते बघू लागला. त्या चांगल्या वाजल्या. मेव्हणा तेवढ्यात स्कूटर घेऊन परत आला होता. ती देवाच्या मागून न्यायची की पुढून, यावर मानकऱ्यांत पाच मिनिटं चर्चा झाली आणि पुढे निशाण, मध्ये स्कूटर, मागे आम्ही असा तोडगा निघाला. स्कूटर इतकी हळू चालवावी लागली की मेव्हण्याला बहुतेक वेळ पाय टेकतच यावं लागलं. म्हणजे तोही चाललाच.

पुढच्या गावाच्या शिवेवर नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. त्या म्हाताऱ्यानंच घातलं.

"बा बारा-पाचाच्या म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुका घेवन कुणकेश्वराक चललीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय काटो-कुसपाट, इडा-पीडा आसात ती बाजूक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो एक पुण्याचो झील बूट घालून तुज्या मागसून येता हा. त्येच्या पायाक फोड इले हत, ते बरे कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येची नोकरी आसा ती टिकव, नसात तर लाव, आणि पुढच्या वर्षी त्येका जोडयान घेवन ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आतेचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मुक्काम तळेबाजारच्या पुढे एका आंब्याच्या बागेत पडला, पेट्या भरायच्या शेडमध्ये. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आमच्या आंब्याला आता कायद्यानं पत्ता आहे. पण बागायतदाराला "यंदा पीक कसं?" हे कधी विचारू नये. भाच्यानं विचारलं. मोहोर, धुकं, तुडतुडे, फवारणी, वाशीचा दलाल आणि बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे, असा सगळा प्रवास करून तो गृहस्थ रात्री उशिरा "यंदा काय खरा नाय" या मुक्कामाला पोचला. डोक्यावर फांद्या मोहोरानं वाकल्या होत्या. वर्षानुवर्षं मी हे उत्तर ऐकत आलोय, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या अंगणात नवी गाडी बघत आलोय.

महाशिवरात्रीचा दिवस उजाडला तो जामसंड्यात. सगळ्यांना उपास. देवगड झपाट्यानं मागे टाकलं आणि तारामुंबरीत शिरलो. हा वेळेचा बेत कुणी केला होता देव जाणे. तारामुंबरी ही मच्छीमारांची वस्ती. पोटात एक रताळं आणि दोन चमचे वरीचे तांदूळ, आणि वाऱ्यावर सुक्या बांगड्याचा वास. मेव्हणा स्कूटर बंद करून नुसता उभा राहिला. पलीकडे एका घरात काहीतरी तळत होतं. मालवणी माणसाची परीक्षा बघायला स्वर्गातून मेनका पाठवायची गरज नाही, एक तळलेली तुकडी पुरते. आतेनं नाकाला पदर लावला आणि खाडीवरचा पूल असा काही ओलांडला की स्वारीच मागे पडली.

पूल ओलांडला की मिठमुंबरी, आणि मग समुद्र डाव्या हाताला की उजव्या हा प्रश्न उरत नाही. समुद्र उजवीकडे, डोंगर डावीकडे, देऊळ समोर. आम्ही पुळणीवरून गेलो. नऊ हजारांचे बूट भाच्याच्या गळ्यात लोंबत होते.

कुणकेश्वराचं देऊळ थेट किनाऱ्यावर आहे. एक परदेशी मुसलमान व्यापारी वादळात सापडला, त्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, वाचलो तर देऊळ बांधीन असा नवस त्यानं केला आणि तो फेडला, अशी कथा सांगतात. काम पुरं झाल्यावर, आता आपले लोक आपल्याला जवळ करणार नाहीत म्हणून त्यानं शिखरावरून उडी टाकली, असं तिचं पुढचं दुःख. नवस बोलून तो पुढच्या वर्षावर ढकलण्याची आपली पद्धत त्याला माहीत नसावी. ओहोटीला खडकांतली शिवलिंगं उघडी पडतात. जत्रेत मात्र तुम्हाला दिसतात ती माणसं, खाजं, कलिंगडं, उसाचा रस आणि हरवलेल्या मुलांच्या नावांचा पुकारा.

अमावास्येला पहाटे स्वाऱ्या समुद्रावर उतरल्या. एकेका गावचा देव, एकेकाचे ढोल, सगळे एकाच वेळी. भाच्याला फिनिस्तेरे आठवत होतं. तिथं म्हणे लोक खडकावर बसून मावळता सूर्य बघतात आणि अंतर्मुख होतात. त्यानं अंतर्मुख होण्यासाठी जागा शोधली. डावीकडे एक ताशा होता, उजवीकडे एक आजी पाठ चोळून मागत होती. शेवटी आतेनं त्याला दंडाला धरून लाटेत उभं केलं. खारं पाणी फोडांना लागलं आणि तो "आई गंऽऽ" म्हणून असा ओरडला, की आजूबाजूच्या शंभर माणसांनी भाविकपणे "हर हर महादेव!" अशी साथ दिली. म्हाताऱ्या मानकऱ्यानं लांबूनच हात जोडले.

प्रमाणपत्राचं काम अभिषेकाच्या पावतीनं भागवलं. तिच्यावर नाव, तारीख आणि रक्कम होती, लॅटिन नव्हतं. वहीत "रोख मिळाले"च्या शेजारी तो ती चिकटवणार आहे.

परत चालत जाऊन शंभर किलोमीटर पुरे करायचा विषय कुणी काढला नाही. जादा गाडी लागलेलीच होती. आतेला अर्धं तिकीट, भाच्याला आणि मला पूर्ण. मेव्हणा स्कूटरवरून मागून येणार होता, त्याला कुणी विचारलंच नाही. गाडी सुटली तसा भाचा खिडकीला डोकं टेकून झोपी गेला. पण आते त्याला झोपू देईना. दर दोन-तीन किलोमीटरला ती त्याला ढोसत होती.

"उठ रे झिला, बघ. हयसर तुका फोड इलो."

थोड्या वेळानं : "ह्या काजीखाली तू बसकाण घेतलंस आणि उठाक तयार नाय होतंस."

कंडक्टर तिकिटं संपवून आमच्या शेजारीच टेकला होता. त्यानं खिडकीबाहेर वाकून ती काजू नीट पाहून घेतली.

"आणि रडललो खंय?" त्यानं विचारलं.

"ता अजून इला नाय," आते म्हणाली. "कोळोशेच्या फुडे. सांगतंय तुका."