शोधनिबंध आणि मसालेभात

जानेवारी उजाडला की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना परिषदेचे डोहाळे लागतात. कारण मार्चअखेर. आलेलं अनुदान खर्ची पडायला हवं, नॅक मूल्यांकनाच्या फाइलीत एक पान वाढायला हवं आणि पीएच.डी.च्या पोरांना कुठेतरी उभं राहून काहीतरी वाचायला मिळायला हवं. या तिन्ही गरजा एका मांडवाखाली भागवणारा समारंभ म्हणजे ‘माहिती तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे : संधी, आव्हाने आणि दिशा’ ही एकदिवसीय संशोधक विद्यार्थी परिषद. पत्रिकेत ‘दिशा’ असतेच. सभागृह कुठल्या दिशेला आहे, ते मात्र फाटकावर कुणी लिहीत नाही.

परिषद राष्ट्रीय असते, कारण एक निबंध बेळगावहून आलेला असतो. प्राचार्यांचा भाचा न्यू जर्सीहून झूमवर दोन मिनिटं दिसला, तर ती आंतरराष्ट्रीय होते. तो ‘माझा आवाज येतोय का?’ एवढंच बोलला तरी चालतं.

विषय तंत्रज्ञानाचा असल्यामुळे दीपप्रज्वलनही डिजिटल. पाहुण्यांनी कळ दाबायची आणि पडद्यावर समई उजळायची, अशी योजना. पाहुणे कळ दाबतात, पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटतं, सभागृह टाळ्या वाजवतं. मग शिपाईमामा कोपऱ्यातली खरी समई आणि काडेपेटी घेऊन येतात. हा माणूस प्रत्येक परिषदेला काडेपेटी खिशात ठेवून येतो. दिवसभरातलं अनुभवाधिष्ठित संशोधन तेवढंच.

त्यानंतर बीजभाषण. विषय काहीही असो, शाळेतल्या ‘विज्ञान : शाप की वरदान’ या निबंधाचीच ती सुधारित आवृत्ती असते. फरक इतकाच की विज्ञानाच्या जागी आता एआय आलं. उत्तर बदललेलं नाही : वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.

या सगळ्यात तंत्रज्ञानाचा खरा वापर एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे फोटोत. नॅकला जिओटॅग केलेले फोटो लागतात. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं. त्यामुळे सत्कार चालू असताना मोबाइलवाले प्राध्यापक मधेच ओरडतात, “सर, शाल परत एकदा घ्या, लोकेशन ऑफ होतं!” पाहुणे शाल उतरवतात, प्राचार्य पुन्हा पांघरतात. परिषदेत काय म्हटलं गेलं याचा पुरावा कुणी मागत नाही. ती कुठे भरली होती, ते मात्र उपग्रहाला ठाऊक.

मग तांत्रिक सत्र. खोली क्रमांक चौदा, तेवीस निबंध, दीड तास. एक विद्यार्थिनी पेनड्राइव्ह घेऊन उभी राहते. निबंधाचं नाव ‘मोबाइलचा ग्रामीण समाजजीवनावरील परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. नमुना पन्नास जणांचा, आणि पन्नासही जण तिच्याच व्हॉट्सॲप ग्रुपमधले.

“मॅडम, वेळ संपली. थेट निष्कर्षावर या,” सत्राध्यक्ष घड्याळ दाखवतात.

“सर, अजून प्रस्तावनाच चालू आहे.”

“निष्कर्ष सांगा.”

“परिणाम होतो, सर.”

“कसा?”

“चांगला आणि वाईट, दोन्ही.”

“छान! पुढचे कोण?”

यात त्या मुलीचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं आणि दोन परिषदांत वाचन करणं सक्तीचं होतं. अट आली तशी बाजारपेठ आली. २०२२च्या नियमांतून ही अट गेली. बाजारपेठ जाईल कशाला? आयोगाच्याच २०१८च्या वाङ्मयचौर्य नियमावलीनं दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा ठेवली नाही. ही सवलत आमच्या विद्वानांनी रेशनच्या कोट्यासारखी मानली. मिळतंय तर सोडायचं कशाला?

भंपक निबंध ही काही आपलीच मक्तेदारी नाही. २००५मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी ‘सायजेन’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो संगणकशास्त्राचे दिसायला भारदस्त पण अर्थानं ठार शून्य असे निबंध तयार करायचा. त्यातला एक निबंध ऑरलँडोच्या परिषदेनं स्वीकारलासुद्धा. पुढे २०१४मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या नामांकित प्रकाशकांना असे १२०हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. म्हणजे अमेरिकेत जे करायला यंत्र लागलं, ते आपल्याकडे हातानं होत होतं. याला स्वदेशी म्हणतात.

खरी गंमत पुढेच आहे. माहिती तंत्रज्ञान आणि समाज यांची गाठ जिथे पडते, त्या जागा महाराष्ट्रात पायलीला पन्नास आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. वारणानगरच्या परिसरात १९९८मध्ये सत्तर गावांना संगणकानं जोडायचा प्रकल्प सुरू झाला. काही वर्षांनी संशोधक तिथे गेले, तेव्हा संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशेबापुरता होताना दिसला. ते काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही भागतं, हे त्यांनी तिथेच करून दाखवलं. त्यासाठी त्यांना गावात जावं लागलं. खोली क्रमांक चौदातून वारणा दिसत नाही.

ताजं उदाहरण घ्या. २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी आली. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, तर ओटीपी कुणाच्या फोनवर यायचा? हा प्रश्न संकेतस्थळाला पडला नव्हता. बायकांनी ओरड केल्यावर तो सरकारला पडला आणि सोय करावी लागली. कुटुंब कशाला म्हणायचं, हा समाजशास्त्राचा पहिला धडा. तो शिकलेला एक जरी माणूस अर्जाचे रकाने आखताना शेजारी बसला असता, तर हजारो हेलपाटे वाचले असते. पण तो माणूस तेव्हा कुठेतरी सत्राध्यक्ष होता.

आणि हे सगळं बघायला नंदुरबारला जायची गरज नाही. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच ‘आपले सरकार’ सेवा केंद्र आहे. ऊसतोडीनं बोटांच्या रेषा झिजलेली आजी तिथे चौथ्यांदा अंगठा देत असते. यंत्र तिला ओळखत नाही. परिषदेचे प्रतिनिधी त्या रांगेला वळसा घालून पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला जातात आणि ‘डिजिटल दरी’वर हळहळतात.

म्हणून आयोजकांना एक सूचना. परिषद जरूर घ्या, पण निबंध मागवू नका. संशोधक विद्यार्थ्यांनी एक दिवस सेवा केंद्रात बसावं. कोण रिकाम्या हातानं परत गेलं, कोणत्या रकान्यावर अडलं, दलालानं किती घेतले, एवढंच लिहून आणावं. संध्याकाळी ते सभागृहात मोठ्यानं वाचावं आणि एक प्रत तहसीलदाराला द्यावी. फोटो हवेत तर रांगेचे काढा, लोकेशन ऑन ठेवून. नॅकलाही चालतील. मसालेभात आणि मठ्ठा मात्र तसाच राहू द्या. आजवरच्या परिषदांत तक्रारीला जागा नव्हती ती त्याच एका सत्रात.